कॅम्परला लावलेला नागपुरी कूलर

हसायचं तर पोटभर हसा, पण एक अट आहे. हा किस्सा क्रॉयडनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. कारण यात मी जी माती खाल्ली आहे ना, ती दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत आणि भरपूर आत्मविश्वासानं खाल्ली आहे.

मी मूळचा नागपूरचा. हे वाक्य या इंग्रजांच्या देशात पंधरा वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे! इथं पारा अठ्ठावीसच्या वर गेला की ऑफिसात लोक कपाळाला हात लावून बसतात. दुकानांतले पंखे संपतात. ट्रेन हळू धावायला लागतात. आणि मी? मी कॉफीचा मग हातात धरून टेबलाटेबलाशी जाऊन सांगतो, ‘हे काय ऊन आहे का बाप्पा! आमच्याकडे मे महिन्यात कावळेसुद्धा सावली बघून उडतात.’

असं म्हटलं की मंडळी गप्प होतात. मला तेव्हा तो आदर वाटायचा.

तर गेल्या वर्षी आम्ही एक सेकंडहँड कॅम्पर घेतला. हायब्रिड. म्हणजे मधली खोली पक्क्या भिंतींची, चाकांवरची. तिच्या दोन्ही टोकांचे पलंग टेबलाच्या खणासारखे बाहेर ओढायचे आणि त्यांच्यावर कापडी तंबू ताणायचा. थोडक्यात, पोट घराचं आणि हातपाय तंबूचे. विकणारे आजोबा प्रामाणिक होते. म्हणाले, ‘उन्हाळ्यात ही टोकं फार तापतात हं.’ मी त्यांच्याकडे बघून नुसता हसलो. तापतात म्हणे! कोणाला सांगताय?

त्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या.

आता सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. तेहतीस वर्षं हवामान खात्यात नोकरी. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण पर्समध्ये रुमाल, लवंगांची डबी आणि हवेतला दमटपणा मोजायचा एक छोटा काटा कायम असतो. बोलणं मोजकं. आणि दुपारची झोप ठरलेली, दीड ते साडेतीन. त्या दोन तासांत घरात कोणी चमचा खाली पाडला तरी दिवसभर त्याची चौकशी चालते.

पण क्रॉयडनच्या आमच्या घरात ती झोपच त्यांना लागेना! इथली घरं थंडीसाठी बांधलेली, एकदा तापली की तापलीच. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शांतपणे जाहीर केलं, ‘मुग्धा, मी म्हणते, तिकीट बदलून पुढच्या आठवड्यात जावं परत.’

मुग्धा म्हणजे माझी बायको. आईनं गणपतीपर्यंत राहावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. लग्नाला बारा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत गणपतीत आईच्या हातचा मोदक तिनं खाल्लेला नाही. त्या दिवशी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, ‘शिरीष, या शनिवार-रविवारी कॅम्पर घेऊन समुद्राच्या बाजूला जाऊ. दोन दुपारी मिळतील. आईला एक दुपार जरी नीट झोप लागली ना, तरी ती राहील. नाहीतर सोमवारी तिकीट बदलणार ती.’

हे सांगताना तिचा आवाज कापला. मुग्धाचा आवाज सहसा कापत नाही, दुसऱ्यांचे कापतात.

मी म्हटलं, ‘तू काळजीच सोड! गारवा करणं हे नागपूरच्या माणसाचं काम आहे.’

ती म्हणाली, ‘म्हणूनच काळजी वाटते.’

तुम्हाला नागपुरी कूलर माहीत असेलच. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी झिरपतंय, मागे पंखा. लावला की खोलीचं महाबळेश्वर होतं! ठरवलं, कॅम्परला हाच लावायचा. शुक्रवारी सकाळीच वेम्बली गाठलं. तिथं ईलिंग रोडवरच्या सहा देशी दुकानांत वाळा मागितला. सहाही दुकानदारांनी वाळ्याच्या सरबताची बाटली पुढे केली. शेवटी एक बाटली घेतली आणि वाळ्याऐवजी काथ्याची तीन पायपुसणी घेतली. तिन्हींवर ‘वेलकम’ लिहिलेलं. म्हटलं, उत्तम! गार हवेचं स्वागतच करायचंय आपल्याला.

संध्याकाळी साउथहॅम्प्टनच्या पलीकडे, झाडीतल्या एका छोट्या कॅम्पसाइटवर पोचलो. तिथली व्यवस्थापक ब्रेंडा, साठीची, गोल चेहऱ्याची, बोलायला लाघवी. टॉयलेट ब्लॉकच्या शेजारी दोन प्रचंड ओक होते आणि त्यांच्याखाली एकच जागा रिकामी होती. सासूबाई गाडीतून उतरल्या, त्या सावलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ती जागा.’

ब्रेंडा म्हणाली, ‘सॉरी लव्ह, ती मेडिकल नीड असलेल्यांसाठी राखीव असते. तुमच्यापैकी कोणाला काही त्रास आहे का?’

‘छे छे!’ मी छाती पुढे काढून म्हटलं. ‘आम्ही सगळे ठणठणीत. मी नागपूरचा आहे. आम्हाला उन्हातलीच जागा दे.’

सासूबाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. तेहतीस वर्षं ढगांकडे बघितलेली नजर ती.

आमच्या शेजारच्या जागेवर केन नावाचा एकटाच गृहस्थ होता. जन्मभर हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करून रिटायर झालेला, सोबतीला एक म्हातारं कुत्रं. भला माणूस. आमचे तंबू ताणलेले बघून आपणहून आला. म्हणाला, ‘उद्या तीसच्या वर जाणार आहे. माझ्याकडे चंदेरी कव्हरं जास्तीची आहेत. टोकांवर वरून टाकायची, कापडापासून वीतभर उंच. खालच्या खिडक्या सावलीच्या बाजूनं उघड्या ठेवायच्या, वरच्या झडपेतून गरम हवा बाहेर काढायची. देऊ का?’

किती सोपं होतं! घ्यायला हवं होतं की नाही? तुम्ही घेतलं असतंत. माझ्या बायकोनं तर हात पुढे केलासुद्धा होता.

मी म्हटलं, ‘थँक्स केन, पण गरज नाही. माझी स्वतःची पद्धत आहे. पारंपरिक.’

शनिवारी सकाळी अकराला कामाला लागलो. केन कुत्र्याला घेऊन लांब फिरायला गेला होता, त्यामुळे माझी कारागिरी बघायला तो नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे महत्त्वाचं आहे.

कपड्यांच्या जाळीदार बास्केटला तीन बाजूंनी पायपुसणी बांधली. खाली टब, टबात माशांच्या टाकीचा पंप, मागे टेबलफॅन. हे सगळं आत, पलंगाच्या कडेला, बरोबर कमरेच्या उंचीवर. शिवाय बाहेरून तंबूवर दोन मोठ्या चादरी ओल्या करून पांघरल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांची टोकं झिपच्या फटीतून आत घेतली आणि गादीखाली घट्ट खोचली. काय दिसत होतं म्हणून सांगू!

सासूबाई म्हणाल्या, ‘शिरीषराव, कूलर कोरड्या हवेत चालतो. इथं मैलभरावर समुद्र आहे.’

‘आई, नागपूरला अंबाझरी तलाव आहे की.’

‘आणि त्या चादरींनी खिडक्यांच्या जाळ्या झाकल्यात तुम्ही. हवा जाणार कुठून?’

‘आई, तुम्ही बघाच.’

त्यांनी काटा पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. आमच्याकडे याचा अर्थ, विषय संपला.

मुग्धा मात्र हट्टाला पेटली. ‘आईला आत पाठवायच्या आधी तू स्वतः झोपून दाखव.’

दाखवतो! पाऊण वाजता आत शिरलो. अंगात बनियन आणि मलईच्या रंगाची नवीन हाफ पँट. पंखा घरघरला, पायपुसणी झिरपू लागली, चेहऱ्यावर पहिली झुळूक आली. अहाहा! मी पुन्हा नववीत गेलो. डोळा कधी लागला कळलंच नाही.

जाग आली ती साडेतीनला. पहिला विचार मनात आला, जिंकलो! पावणेतीन तास झोपलो की हो! दुसरा विचार आला, हे गार गार काय आहे?

झालं असं की गादीखाली खोचलेल्या चादरींनी बाहेरचं सगळं पाणी इमानदारीनं गादीत आणून सोडलं होतं. राहिलेलं पायपुसण्यांनी माझ्या कमरेवर ठिबकवलं होतं. गादीच्या मधोमध परातीएवढा ओला डाग. माझ्या पँटवर, मागून आणि पुढून, तसाच. आत वाफ इतकी की तंबूचं कापड आतून घामाघूम झालेलं.

पण मला त्याचं काय? झोप लागली होती! पद्धत सिद्ध झाली होती! थोडी गळती, ती उद्या दुरुस्त करू. मी डाग पडलेली गादी डोक्यावर घेतली, तसाच ओल्या पँटीत बाहेर आलो आणि ती सर्वांना दिसेल अशी कुंपणावर वाळत टाकली. शेजारी त्या दोन चादरीही टाकल्या.

केन परत येऊन खुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं गादीकडे पाहिलं. पँटकडे पाहिलं. मग घाईघाईनं झाडावरच्या एका पक्ष्याकडे पाहिलं.

‘सगळं ठीक आहे ना, शिरीष?’ त्यानं हळूच विचारलं.

‘ठीक? एकदम झकास!’ मी दोन्ही हात पसरून म्हटलं. ‘बघितलंस ना? काल सांगितलं ते हेच!’

‘हे… बऱ्याच दिवसांपासून आहे?’

‘अरे, लहानपणापासून! आमच्या घरात सगळेच करायचे. वडील, काका, आजोबा. उन्हाळा लागला की गच्चीवर ओळीनं गाद्या घालायच्या आणि सगळीकडे पाणीच पाणी!’

केननं पेपरची घडी घातली. त्या घडीची आणखी एक घडी घातली.

‘आणि डॉक्टर काय म्हणाले?’

‘डॉक्टर? आमचे फॅमिली डॉक्टर स्वतः करायचे!’

‘मुग्धाला याचा त्रास…’

‘ती पुण्याची. तिच्या माहेरी हे नव्हतं. सुरुवातीला कटकट करायची, आता रुळली. उद्या तिच्या आईलाही शिकवणार आहे.’

केन उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे, खोटं नाही सांगत, पाणावले होते. म्हणाला, ‘शिरीष, तीस वर्षं मी नर्स होतो. याबद्दल इतकं मोकळेपणानं बोलणारा माणूस पाहिला नाही. यू आर अ व्हेरी ब्रेव्ह मॅन.’

आता सांगा, एवढं ऐकून माझी छाती नाही फुगणार तर काय होणार?

पण मधल्या वेळात घरच्या आघाडीवर पराभव झाला होता. सासूबाईंनी कॅम्परच्या दुसऱ्या टोकात डोकं घालून काटा बघितला होता, तो पंच्याण्णव टक्क्यांवर. चष्मा पुसत बाहेर आल्या आणि दुपारभर घडीच्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या. एक मिनिट डोळा मिटला नाही. संध्याकाळी चहा घेताना म्हणाल्या, ‘मुग्धा, सोमवारी आठवण कर, विमान कंपनीला फोन करायचाय.’

मुग्धा कपबशा विसळायला म्हणून नळाशी गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. तेव्हा पहिल्यांदा माझ्यातला नागपूरकर खाली बसला. कूलर गेला खड्ड्यात! बारा वर्षांनी एक गोष्ट मागितली होती बायकोनं, आणि मी तीन पायपुसण्यांपायी ती घालवली.

रविवारी सकाळी केन आला. हातात खाकी कागदाचं पुडकं. इकडे-तिकडे बघून ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘सकाळी गावात जाऊन आणलं. याबद्दल बोलायची गरज नाही.’ आणि माझा खांदा दाबून निघून गेला.

मला वाटलं, बक्षीस! मी ते ऐटीत मुग्धासमोर ठेवलं. ‘बघ, बाहेरच्यांना किंमत असते.’

तिनं उघडलं. आत गादीवर घालायचं प्लॅस्टिकचं कव्हर. आणि मोठ्यांचे डायपर, दहाचं पाकीट, साइज लार्ज. वर एक चिठ्ठी, ‘यात लाजण्यासारखं काही नाही. केन.’

मुग्धानं चिठ्ठी वाचली. पाकीट वाचलं. कुंपणावरच्या गादीकडे पाहिलं. आणि कॅम्परच्या पायरीवर धप्पकन बसून अशी हसायला लागली की शेजारच्या तीन तंबूंतून डोकी बाहेर आली. ‘आजोबासुद्धा?’ ती हुंदके देत विचारत होती. ‘फॅमिली डॉक्टरसुद्धा? अरे, तू काल एवढ्या मोठ्यानं सगळं सांगत होतास त्याला, मला आतपर्यंत ऐकू येत होतं!’

माझ्या डोक्यात कालचं एकेक वाक्य उलटं फिरून आलं. लहानपणापासून. घरात सगळेच. गच्चीवर, ओळीनं. देवा रे! एका माणसाला वाटत होतं की सगळं नागपूर उन्हाळ्यात…

खुलासा करायला मी केनच्या दिशेनं धावलो, तर वाटेत ब्रेंडा उभी. आवाज एकदम हळू. ‘शिरीष, केन माझ्याशी बोलला. परवा तुम्ही संकोचानं सांगितलं नाहीत, मला समजतं. ओकखालची जागा रिकामी आहे. टॉयलेट दहा पावलांवर. दुपारच्या आत तिकडे हला.’

‘नाही नाही, ब्रेंडा! गैरसमज झालाय. ते पाणी होतं! साधं पाणी!’

‘ऑफकोर्स इट वॉज, लव्ह,’ ब्रेंडा म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटलं.

‘खरंच! चादरींतून उतरलं, कूलर होता, पायपुसणी…’

तेवढ्यात मागे खाकरल्याचा आवाज आला. सासूबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी एकदा ओकच्या गर्द सावलीकडे पाहिलं, एकदा हातातल्या काट्याकडे, आणि एकदा माझ्याकडे. मग ब्रेंडाला हात जोडून स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, ‘थँक यू. ही इज शाय.’

मी तोंड उघडलं. सासूबाई मराठीत म्हणाल्या, ‘शिरीषराव, एक अक्षर बोलू नका.’

मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

अकरापर्यंत कॅम्पर ओकखाली आला. केननं चंदेरी कव्हरं आणली, वीतभर उंच ताणून दिली. खालच्या खिडक्या उघडल्या, वरच्या झडपा उघडल्या. कूलरमधला पंखा काढून सासूबाईंनी तो झडपेत उलटा लावला, आतली हवा बाहेर फेकायला. पायपुसणं एक दाराशी टाकलं, पाय पुसायला. बाकी काही नाही. पाण्याचा एक थेंब नाही.

दीड वाजता सासूबाई आत गेल्या. एक पस्तीसला आतून घोरण्याचा आवाज आला.

मुग्धा बाहेर खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होती. जागची हलली नाही, पुस्तक उघडलं नाही. माझा हात धरून ठेवला होता तिनं. बारा वर्षांच्या संसारात मी तिला एवढं सुख दिलेलं मला आठवत नाही, आणि ते दिलंही होतं केननं.

पावणेचारला सासूबाई बाहेर आल्या. चक्क पंधरा मिनिटं उशीर! केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘मुग्धा, इथं चांगले नारळ मिळतात का गं? आणि मोदकाचा साचा आहे की पुण्याहून मागवायचा?’

विमान कंपनीला फोन झाला नाही. गणपतीत एकवीस मोदक झाले, त्यातले चार मी डब्यात घालून केनला त्याच्या घरी नेऊन दिले. जाताना ठरवून गेलो होतो की आज काय ते खरं सांगून टाकायचं. त्यानं मोदक खाल्ला, माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि विचारलं, ‘आता कसं आहे?’ मी म्हटलं, ‘बरंच बरं आहे.’ काय करणार! सासूबाईंनी मी निघतानाच बजावलं होतं, ‘पुढच्या जूनमध्ये येईन मी. पण तीच जागा हवी.’

परवा त्या जागेचा बुकिंगचा फॉर्म आला. ‘मेडिकल नीड कोणाला?’ मी मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं. पुढचा रकाना, ‘त्रास कधीपासून?’ तिथं मी अडकलो, पेन चावत बसलो.

मुग्धा मागून वाकली आणि म्हणाली, ‘लिही ना, लहानपणापासून. केनला विचारलं तर तेच सांगणारेय तो.’